मानोजीअण्णांचा चाकू

मानोजीअण्णांना कुणी पेरूची फोड दिली, तर ते ती लगेच तोंडात टाकत नसत. आधी उजेडाकडे धरून तिची कड बघत, मग नाकाशी नेत आणि विचारत, "कशानं कापलाय?"

पेरू गोड आहे का, आतून गुलाबी आहे का, हे प्रश्न तुमच्याआमच्यासाठी. अण्णांच्या मते देवानं पेरू निर्माण केला तो चाकूची परीक्षा घेता यावी म्हणून. माणसं तो खातात हा त्यांचा अगोचरपणा.

मला याचा प्रसाद बंगळुरात आल्या आल्याच मिळाला. पन्नास-एकावन्न सालची गोष्ट. ह्यांची मिरजेहून बदली झाली आणि मल्लेश्वरमात अण्णांच्या घरामागचं औटहाऊस आम्हाला भाड्यानं मिळालं. पुढच्या घरात अण्णा आणि त्यांची थोरली विधवा बहीण, दोघंच. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपासून इथलं. "आमचे लोक फौजेबरोबर आले आणि परत जायचं विसरले," असं अण्णा सांगत. त्यांच्या बोलण्यात कानडी शब्द इतके सहज यायचे की पहिले काही दिवस मी नुसतीच मान हलवत असे.

तर शेजारधर्म म्हणून मी बशीत पेरू घेऊन गेले, तिखटमीठ लावून. अण्णांनी फोड उचलली, बघितली आणि परत बशीत ठेवली.

"विळी," ते म्हणाले.

"विळीच. मग कशावर कापणार?"

"विळी बसून असते, वैनी. फळानं उठून तिच्याकडं जायचं. चाकूचं तसं नाही. तो आपण होऊन फळाकडं जातो. मर्यादा आहे त्याला, रीतभात आहे."

आतून अक्का म्हणाली, "खा की गप. नवीन माणसं आहेत, पळून जातील."

अण्णांनी फोड खाल्ली, रुमालानं बोटं पुसली आणि निकाल दिला, "पेरू चांगला आहे. काप स्वल्प कमी."

'स्वल्प कमी' हे अण्णांचं एकूण जगाविषयीचं मत होतं. कॉफी चांगली, डिकॉक्शन स्वल्प कमी. डोसा चांगला, कुरकुरीतपणा स्वल्प कमी. आमची थोरली झाली तेव्हा बाळंतिणीला बघायला आले, पाळण्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "सगळं सरी आहे, ठीक आहे. केस स्वल्प कमी." गणपतीत ह्यांनी पेटी वाजवत भजन म्हटलं, त्यावर अण्णांनी काय अभिप्राय दिला ते मी इथं लिहीत नाही. हे अजून ते विसरलेले नाहीत.

अण्णा सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. पुलांचे आणि कालव्यांचे नकाशे काढायचे. नकाशाला पेन्सिल लागते, पेन्सिलीला टोक लागतं आणि टोकाला चाकू लागतो, या मार्गानं ते चाकवांपर्यंत पोचले असावेत असा सगळ्यांचा समज होता. ऑफिसात पेन्सिलीला टोक करायचं यंत्र आलं, तेव्हा त्यांनी दोन दिवस रजा टाकली. घरी कुणी गेलं असेल असं वाटून साहेबांनी शिपायाला चौकशीला पाठवलं होतं.

चाकू म्हणजे मिटणारा. सुरीला ते खिजगणतीत धरत नसत. "सुरी उघडीच जन्मते, उघडीच मरते. तिला आत-बाहेर काही नाही," असं त्यांचं म्हणणं. अक्कानं जुन्या इरकली लुगड्याची एक लांब गुंडाळी शिवून दिली होती, तिला ओळीनं खण होते आणि प्रत्येक खणात एक चाकू झोपलेला असायचा. दंडूतले, म्हणजे छावणीतले, साहेब आपल्या देशी परत गेले तेव्हा त्यांच्या सामानाच्या लिलावात घेतलेले शेफील्डचे चाकू, सांबरशिंगाच्या मुठींचे. खटका दाबला की अंगावर येणारा एक रामपुरी. शिसवीच्या मुठीचा, कुणा सुतारानं स्वतःच्या हौसेपोटी केलेला एक. रविवारी सकाळी गुंडाळी व्हरांड्यात उलगडायची, निसण्यावर पाण्याचे थेंब पडायचे आणि मग एकच पेरू चार चाकवांनी कापला जायचा. आम्ही शेजारपाजारचे ओळीनं बसून फोडी चाखायचो आणि कुठली कुठल्या चाकूची ते ओळखायचो. मला कधीच ओळखता आलं नाही. एकदा मी ठोकून दिलं की ही शिसवीवाल्याची, तर अण्णांनी माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघितलं की बाकी तिन्ही चाकू दुसऱ्यांनी ओळखून झाले होते आणि तेवढाच उरला होता हे सांगायचा मला धीर झाला नाही.

धारेपेक्षाही त्यांचा जीव मिटण्याच्या आवाजावर. चाकू कानाशी धरायचा, हळूच मिटायचा आणि डोळे बंद करून ऐकायचं. "उघडताना कुणीही चांगला दिसतो, वैनी. मिटताना खरं कळतं." आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, घट्ट असेल तर आवाज एकच येतो, सैल असेल तर दोन येतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. पुढे पुढे मला दुकानात डबा घेतानाही झाकण लावून ऐकायची सवय लागली.

एका शेफील्ड चाकूला पात्यांबरोबर एक वाकडा आकडा होता. घोड्याच्या खुरात अडकलेला खडा काढण्यासाठी. आता अण्णांचा आणि घोड्याचा संबंध भाड्याच्या जटक्यापुरता. पण आकडा आहे आणि वापरलेला नाही, हे त्यांना खुपत होतं. कितीतरी दिवस तो चाकू खिशात घेऊन ते लंगड्या घोड्याची वाट बघत हिंडले. अखेर एकदा संपिगे रोडवर एक जटका लंगडत येताना दिसला. अण्णा रस्त्यात आडवे गेले, "स्वल्प थांबा" म्हणाले आणि खाली बसून घोड्याचा पाय मांडीवर घेतला. जटकेवाल्याला वाटलं, कुणी सरकारी साहेब जनावर तपासायला आला. तो बिचारा हात जोडून "मुलंबाळं आहेत स्वामी" म्हणत उभा. अण्णांनी चारही खूर पाहिले. खडा कुठंच नव्हता. घोडा जन्मापासून तसाच चालत होता. तोवर त्यानं अण्णांच्या उपरण्याचा काठ खाऊन संपवला होता.

घरी आल्यावर अक्कानं उपरण्याकडे बघून विचारलं, "हे काय?"

"घोडा चांगला होता," अण्णा म्हणाले. "लंगडेपणा स्वल्प कमी."

पण एवढ्या सगळ्या चाकवांत त्यांना हवा असलेला चाकू नव्हता. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. काळ्या शिंगाची मूठ, मुठीच्या पोटात पितळेची पट्टी, करंगळीएवढं पातं, नख अडकवायची खाच जरा वाकडी. तो कुठं पाहिला होता ते अण्णा सांगत नसत. "होता एकदा हातात," एवढंच. दर रविवारी पेरूचा कार्यक्रम आटोपला की पिशवी घेऊन ते जुन्या बाजारात जायचे. भंगारवाले त्यांना लांबूनच ओळखायचे आणि शिंगाच्या मुठीचं काहीही असलं की पुढं करायचे. आम्ही सगळेच त्या शोधाला लागलो होतो. कुणी तुमकूरला गेला की तिथून, कुणी हुबळीला गेला की तिथून, चाकू येत. हे मिरजेला गेले तेव्हा खास किल्ल्यापाशी हिंडून एक घेऊन आले. काळं शिंग होतं, पितळही होतं. अण्णांनी तो बराच वेळ तळहातावर ठेवला. आम्ही दोघं श्वास रोखून उभे.

"चांगला आहे," ते म्हणाले. आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

हे घरी येऊन म्हणाले, "ह्या माणसाला तो चाकू मिळाला तरी तो कमीच म्हणेल."

मलाही तसंच वाटत असे, ते पलीकडच्या घरातलं लग्न निघेपर्यंत. त्या लोकांच्या मुलाला हळद लागली आणि ऐनवेळी लक्षात आलं की नवऱ्यानं हातात धरायची कट्यार गावी राहिली. मुलाचे वडील धावत अण्णांकडे आले. चाकू म्हटलं की गुंडाळी उलगडणारा माणूस. दुसऱ्या कुणाकडे जाणार? मी समोरच होते. अण्णांनी त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, "नाही जमायचं," म्हणाले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी चाट पडले. वडील बिचारे शेवटी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन गेले.

त्या दुपारी अक्का आणि मी अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसलो होतो. मी न राहवून विषय काढलाच.

"लग्नाला मानोजी चाकू देणार नाही," अक्का म्हणाली. "त्याचं स्वतःचं राहिलं ना तसं."

"कसं?"

"तुमच्याकडं पण असेल की. नवऱ्याला हळद लागली की हातात चाकू, टोकाला लिंबू. अक्षता पडेस्तोवर हातातनं सोडायचा नाही, म्हणजे नजर लागत नाही. ह्याचं जिच्याशी ठरलं होतं त्या लोकांची रीत म्हणजे चाकू मुलीकडनं यायचा. तिच्या बापाचा होता, पलटणीतला. तिनं स्वतः घासून पुसून पाठवला म्हणे. तुळसा नाव तिचं. बघायला गेलो तेव्हा ह्याच्याकडं बघून हसली होती. आमच्यात मुली हसत नव्हत्या तेव्हा."

अक्कानं शेंग मोडली.

"हा बसला हळदीचा. दुपारी बघतो तर लिंबाचा रस उतरून पातं काळं पडायला लागलेलं. झालं, ह्याचा जीव राहीना. लिंबू काढून खिडकीत ठेवलं. पातं धुतलं, धोतरानं पुसलं, खोबरेल लावलं, चाकू मिटून उशाखाली ठेवला आणि झोपला. नवरा मुलगा. तेवढ्यात तिची आत्या काही द्यायला आली. बघते तर ह्याचा हात रिकामा, खिडकीतल्या लिंबाला मुंग्या. आणि तिकडं मांडवात मुलीच्या आजोबांना चक्कर आली तेव्हाच. उन्हानं आली असेल, उपाशी होते म्हणून आली असेल. पण ऐकतंय कोण? ज्याला दोन दिवस लिंबू सांभाळता येत नाही तो आमची मुलगी काय सांभाळणार, म्हणाले. चाकू मागून घेतला आणि गेले."

"अण्णांनी सांगितलं नाही का, लिंबू का काढलं ते?"

"सांगितलं की. म्हणाला, तिनं पाठवलेला चाकू खराब होत होता."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"मग ती?"

"पुढच्या महिन्यात तिला देवनहळ्ळीला दिली. चाकू तिच्यापाशीच आहे. लग्नानंतर बापानं तिलाच देऊन टाकला, असं कळलं होतं."

"अण्णांना माहीत आहे हे?"

"माहीत आहे."

"मग ते दर रविवारी जुन्या बाजारात काय शोधतात? देवनहळ्ळी काय विलायतेत आहे? सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळी घरी."

अक्कानं टोपली माझ्यापुढं सरकवली. "सोल गं. हात थांबले तुझे."

खरं सांगायचं तर मला आधी अण्णांचा रागच आला. सगळ्या गल्लीला कामाला लावलं होतं या माणसानं, आणि वस्तू कुठं आहे ते स्वतःला ठाऊक. मग रविवार आला. अण्णा पिशवी झटकून, टोपी नीट करून बाजाराला निघाले आणि त्यांच्या पाठीकडे बघताना मला इतकं वाईट वाटलं की मी वाळत घातलेले कपडे परत पिळायला घेतले. जिथं तो चाकू नाही याची खात्री होती, तिथंच ते बिनधास्त शोधू शकत होते.

एकदा मी भोचकपणा केला. म्हटलं, "अण्णा, देवनहळ्ळीच्या बाजारात बघितलंत का कधी?"

ते एका चाकूला तेल लावत होते. हात थांबला नाही.

"तिथं पपनसं होतात, वैनी," ते म्हणाले. "चाकू नाही." आणि तेल लावलेल्याच चाकूला परत तेल लावत बसले.

अशी वर्षं गेली. आमची थोरली शाळेत जायला लागली, धाकटा झाला. अण्णांच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, गुंडाळीला अक्कानं आणखी एक पट्टी जोडली. चौसष्ट-पासष्ट साल असेल. दिवस अवरेचेच होते. सकाळची वेळ. अक्का आणि मी व्हरांड्यात शेंगा घेऊन बसलो होतो. फाटक वाजलं आणि एक बाई आत आल्या. पन्नाशीच्या आसपास, नऊवारी लुगडं, हातात पिशवी, पिशवीत पपनसं. बरोबर एक उंच, लग्नाच्या वयाचा मुलगा.

"चाकूवाले अण्णा इथंच का?" मुलानं विचारलं. "आम्ही देवनहळ्ळीहून आलो."

अक्काचा हात शेंगेवर तसाच राहिला. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

अण्णा बाहेर आले. मुलानं खिशातून रुमालात बांधलेला चाकू काढून टेबलावर ठेवला. अण्णांनी आधी चाकूकडे बघितलं. मग बाईंकडे.

"या," ते म्हणाले. "बसा."

"गुरुवारी माझी हळद आहे," मुलगा सांगू लागला. "हा आईच्या वडलांचा. गंजलाय, उघडतच नाही. वडलांच्या घरची कट्यार आहे, पण आई म्हणते तू हाच धरायचा. गावातल्या लोहाराकडं नेतो म्हटलं तर म्हणाली, नको, मल्लेश्वरमला नेऊ."

"सरी," अण्णा म्हणाले.

त्यांनी सांध्यात रॉकेलचे थेंब सोडले. ते आत मुरेपर्यंत थांबायचं होतं. एरवी एवढ्या वेळात अण्णांनी येणाऱ्याला शेफील्डपासून रामपूरपर्यंत फिरवून आणलं असतं. त्या दिवशी गुंडाळी उलगडलीच नाही.

"बसला गर्दी होती?" त्यांनी विचारलं.

"नव्हती फार."

"विहिरीला पाणी आहे यंदा?"

"आहे. ह्यांचे गुडघे धरलेत, म्हणून आले नाहीत."

"थंडीनं धरतात."

"हो."

"पपनसं आणलीत."

"घरचं झाड आहे," तुळसाबाई म्हणाल्या. "दर वर्षी खूप येतात. कुणाकुणाला वाटायची असं होतं."

अक्का मान वर न करता इतक्या वेगानं शेंगा सोलत होती की दाण्यांबरोबर सालंही पातेल्यात पडत होती.

अण्णांनी खाचेत नख घातलं आणि कुठलाही जोर न लावता पातं उघडलं. मी पुढं वाकून बघितलं. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी राहून मलाही थोडं कळायला लागलं होतं. चाकू अगदी साधा होता. पितळेची पट्टी पातळ, शिंगाला चीर गेलेली, पातं सांध्यात हलत होतं. अण्णांनी तो मिटला तेव्हा आवाज दोन आले. याच्याहून कितीतरी चांगले चाकू त्या इरकली गुंडाळीत पडले होते, आणि अण्णांनी एकेकाला याच्याशी ताडून बाजूला ठेवलं होतं.

"कसा आहे, अण्णा?" मुलानं विचारलं. "तुम्ही इतके बघितलेत."

"याच्यापेक्षा चांगला मी बघितला नाही," अण्णा म्हणाले.

मुलगा खूश झाला. अण्णांनी राख लावून गंज काढला, पातं पुसलं. टोकाजवळ मात्र एक काळा डाग होता, तो हटेना.

"हा डाग जाईल का?" मुलगा म्हणाला.

"राहू दे तो," तुळसाबाई म्हणाल्या. अण्णा काही बोलायच्या आतच.

"मग आता जपायचं कसं हे? तेल कुठलं लावू?"

या प्रश्नावर अण्णांचं भाषण सगळ्यांना पाठ होतं. चिंच नको, लिंबू तर बिलकूल नको, वगैरे. अण्णांनी चाकू उजेडात धरला.

"काही जपू नका," ते मुलाला म्हणाले. "लिंबू लावा आणि घट्ट धरा. रस उतरेल, पातं काळं होईल. होऊ द्या. हातातनं मात्र सोडू नका. झोप आली तरी सोडू नका."

मुलगा हसला, हो म्हणाला आणि जटका बघायला रस्त्यावर गेला.

तुळसाबाई उठल्या. अण्णांनी चाकू मिटला आणि टेबलावर ठेवला, त्यांनी उचलून घ्यावा म्हणून. धारेची वस्तू कुणी हातातून हातात देत नाही, दिली की माणसं तुटतात. तुमच्या-माझ्या घरी हेच शिकवलेलं असतं. पण बाईंनी टेबलावरचा चाकू उचलला नाही. त्यांनी हात पुढं केला.

"हातात द्या, मानोजीराव," त्या म्हणाल्या. "तुटायचं होतं ते केव्हाच तुटलंय."

अण्णांनी चाकू उचलला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. चाकू द्यायला असा कितीसा वेळ लागतो? त्या दोघांना लागला.

अक्कानं पदर तोंडाला लावला होता. मी उठून आत गेले आणि कुणी मागितली नसताना सगळ्यांची कॉफी टाकली.